केरबाची डबल बेल

दोन शिट्ट्या झाल्या आणि मी गाडी सोडली.

गाडी म्हणजे आमची यष्टी नव्हे. खाली दोन लांब पट्ट्या, त्यांच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर टबासारखी एक खुर्ची आणि खुर्चीत पट्ट्यांनी आवळून बसवलेला मी, रंगराव खोराटे, गारगोटी डेपोचा ड्रायव्हर. दोन्ही हातांत आखूड कुबड्या आणि त्यांच्या टोकाला वीतभर लांबीच्या छोट्या पट्ट्या. ठिकाण काश्मीर, गुलमर्ग. समोर बर्फाचा उतार आणि उताराच्या पायथ्याशी एका नव्या जोडप्यानं सकाळपासून खपून केलेला बर्फाचा माणूस. त्याला नवऱ्याचा गॉगल घातला होता आणि नवरी त्याच्या गळ्यात आपला मफलर गुंडाळत होती.

माझ्या मागं दोरी धरून आमचे गुरुजी, बशारत. दोरीचं एक टोक माझ्या खुर्चीला आणि दुसरं त्याच्या कमरेला. त्यामुळं माझी गाडी आपल्या ताब्यात आहे असं त्याला वाटत होतं.

दोन शिट्ट्या ऐकल्या तशा मी कुबड्या मागं रेटल्या. दोरीला हिसका बसला. बशारतनं परत दोन शिट्ट्या मारल्या. मी आणखी रेटलं. मग त्यानं जीव खाऊन दोन-दोन करत आठ-दहा शिट्ट्या मारल्या. एवढी घाई करतोय म्हणजे मागं काहीतरी अडून राहिलंय, अशा हिशेबानं मी अंग पुढं टाकलं आणि गाडी पार मोकळी सोडली. नवरी बाजूला झाली. नवरा बाजूला झाला. बर्फाचा माणूस काही झाला नाही.

मला उकरून काढलं तेव्हा मफलर माझ्या गळ्यात होता. बशारत दोरीच्या टोकाला पोटावर घसरत येऊन माझ्या शेजारीच थांबला होता. तिशीतला शांत गडी, आवाज चढवायचं त्याला माहीतच नव्हतं. दाढीतला बर्फ झाडत त्यानं विचारलं, "चाचा, दो सीटी का मतलब क्या बताया था मैंने?"

"रुको," मी म्हणालो.

"और एक का?"

"चलो."

"तो आप रुके क्यों नहीं?"

 डोक्याला सगळं पाठ होतं. पण शिट्टी कानात शिरली की डोक्याला न विचारता हात कामाला लागायचे. तेवढ्यात उतारावरून धापा टाकत, दर चार पावलांना एकदा बसत केरबा येऊन पोचला. अंगात चहावाल्याचा मागून आणलेला घोळदार फिरन, म्हणजे काश्मिरी झगा, डोक्यावर माकडटोपी आणि खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी. पिशवी गारगोटीत ठेवून ये म्हटलं तर म्हणाला होता, खांदा हलका लागला की माझा तोल जातो.

केरबा मगदूम म्हणजे माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. यष्टीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला डायवर.

"साब," केरबा बशारतला म्हणाला, "इसको दो दिया तो ये जाताच. इसका कुछ गुन्हा नहीं. एक घंटी, खडा. दो घंटी, चलो. उन्नीस साल मैं खुद दोरी खींच्या है. अब वो इसके हाडात बैठ गया."

"कौन सी डोरी?" बशारतनं आपल्या कमरेकडं बघत विचारलं.

मग केरबानं त्याला यष्टी समजावून सांगितली. छताला आतून लांब दोरी असते आणि तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी. कंडक्टरनं एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. सिंगल बेल आणि डबल बेल. डबल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, मग खाली कुणी का ओरडेना.

बशारतनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक है. चाचा के लिए एक पर रुको, दो पर चलो." आणि त्यानं तसं केलंही. आमच्या तुकडीत पंजाबचा एक रिटायर्ड हवालदार होता, तोही माझ्यासारखाच कमरेखाली बंद. त्याला मात्र जुनाच कायदा राहिला. त्यामुळं पुढं दोन दिवस बशारत शिट्टी तोंडात धरून आधी समोर कोण आहे ते बघायचा आणि मनात मोजायचा.

मी गुलमर्गला कसा पोचलो ते सांगतो. गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही मी. घाट, धुकं, म्हशी, वरात, सगळ्यांतून गाडी सुखरूप आणली. आणि सासुरवाडीत फणसाच्या झाडावरून पडलो. मे महिना होता, मेहुण्यांनी हौसेनं बोलावलं होतं, केरबाही बरोबर होता. मी वर चढलो, केरबा खाली पोतं धरून उभा होता. फांदी मोडली. पाठीचा मणका गेला आणि कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही. ऐकणारा हळहळायच्या आधी फणसाबद्दल विचारतो, म्हणून सांगून टाकतो, फणस कच्चा निघाला.

त्यानंतर तीन वर्षं केरबा रोज पहाटे माझ्या घरी. मला उचलून खुर्चीत बसवायचा, खुर्ची ढकलत चौकापर्यंत न्यायचा, चहा पाजून परत आणायचा आणि मग ड्यूटीला जायचा. संध्याकाळी परत हजर. पुढं मी स्वतः फळी टाकून पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकलो. मालनला, म्हणजे माझ्या बायकोला, घरात हातभार लावणंही मला जमायला लागलं. तरी केरबा यायचाच. मी फळी टाकायच्या आत तो मला उचलून मोकळा. पुण्याच्या एका संस्थेनं मणका मोडलेल्यांना बर्फावर न्यायचं ठरवलं, एक जण ऐनवेळी गळला आणि माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं नाव घातलं. सोबत एक मदतनीस चालेल म्हणाल्या. मालननं विचारायच्या आतच केरबानं रजेचा अर्ज टाकला होता.

बर्फावर आल्यावर पहिल्या दिवसापासून माझी नजर एका गोष्टीवर होती. दोरी.

"बशारतभाई, ये रस्सी कब निकलेगा?"

"जिस दिन आप लगातार तीन बार इशारे पर रुकेंगे. जुमेरात यानी गुरुवार आखिरी दिन है. उस दिन तक हुआ तो खोल दूँगा."

दोरीच एवढी का डाचत होती? तीन वर्षं माझ्या मागं कायम कुणीतरी होतं. खुर्चीची मूठ कुणाच्या तरी हातात आणि कुठं वळायचं ते मागचा ठरवणार. एखाद्या दुकानापाशी थांबावंसं वाटलं तर आधी मान वळवून सांगायचं. जन्मभर पन्नास माणसं पाठीशी घेऊन मी पुढं बसलो होतो, त्यांतल्या एकानंही मला वळण कधी घ्यायचं ते सांगितलं नव्हतं.

उतारावर बशारतनं मला पहिला धडा दिला तो पडायचा. मग उठायचा. मग वळायचा. जिकडं जायचं तिकडं बघायचं, खांदे तिकडं झुकवायचे, कुबडी टेकवायची की गाडी वळते. थांबायचं तर पूर्ण वळून उताराला आडवं व्हायचं. मी त्याला विचारलं, "आरसा किधर है?"

"कौन सा आईना?"

"पीछे का देखने का."

"पीछे मत देखिए चाचा. पीछे वाला अपना देख लेगा."

हे मला अजिबात पटलं नाही. तीन दिवस मी दर वळणाला मान मोडून मागं बघायचो आणि जिकडं बघायचो तिकडं गाडी जायची. असा मी दोनदा उताराच्या कडेच्या जाळीत गेलो आणि एकदा स्लेज, म्हणजे लाकडी घसरगाड्या, ओढणाऱ्यांच्या घोळक्यात. माझी ओळख पटताच त्यांनी मला जागा करून द्यायला सुरुवात केली. मी दिसलो की ते स्लेजा उचलून घ्यायचे.

केरबाचं वेगळंच चाललेलं. माझ्या पायांना चटका कळत नाही, थंडी कळत नाही, म्हणून तो दर पाव तासाला येऊन माझे बूट उघडून बोटं बघायचा. एकदा चहावाल्यानं मायेनं माझ्या मांडीवर कांगडी ठेवली, म्हणजे निखाऱ्यांची वेताची टोपली. केरबानं ती अशी झडप घालून उचलली की निखारे त्याच्याच फिरनवर सांडले. फिरनचा मालक चहावालाच, तो नुसता भोकाकडं बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो. तिथल्या डाळीला चव म्हणून नव्हती, म्हणून शेंगदाण्याच्या चटणीसाठी मी केरबाच्या पिशवीत हात घातला. चटणी निघाली आणि तिच्याबरोबर दोन कागद निघाले. पहिला कागद डेपोचा होता. केरबा वाहतूक नियंत्रकाची परीक्षा पास झाला होता. गडहिंग्लज स्टँडला नेमणूक, महिनाअखेरीपर्यंत होय-नाही कळवायचं. परीक्षेला बसल्याचंही मला माहीत नव्हतं. दुसरा कागद केरबाच्या अक्षरातला होता. घरगुती अडचणीमुळे मी ही पदोन्नती स्वीकारू शकत नाही, तरी कृपया. खाली सही.

"ही घरगुती अडचण कोण रं?" मी विचारलं.

केरबानं भाकरीचा तुकडा मोडला. "माजी म्हातारी."

"तुझी म्हातारी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या तेराव्याला मी जेवलोय."

"मग तिचंच काहीतरी," तो म्हणाला आणि ताटात बघत जेवायला लागला.

मला काय वाटलं ते सरळच सांगतो. वाईट वाटलं, आणि रागही आला. केबिनमध्ये बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, पायाला आराम, ही या माणसाची पहिल्या दिवसापासूनची इच्छा. घाटात गाडी रिकामी असली की तो मागून मोठ्यानं गाड्या पुकारत सराव करायचा. आणि आता त्याच्या सरकारी कागदावर मी अडचण म्हणून बसलो होतो.

"हा कागद कधी धाडणार?"

"उतरताना. टंगमर्गला पोस्ट हाय."

"न धाडला तर?"

"आणि तुला कोण उचलंल? मालनवहिनीची पाठ मोडलेली तुला बघवंल व्हय?"

"मी माझा उठतो."

"उठतोस की. परवा जाळीतनं कुणी काढला?"

मी म्हणालो, "मास्तर, एक ठरवू. गुरुवारी मी दोरीशिवाय वरनं खाली गेलो आणि माझा मी थांबलो, तर हा अर्ज फाडायचा."

केरबानं चटणी बोटानं पुसून खाल्ली. "चालंल," तो म्हणाला. "दोरी सुटतीय कुठं." त्यानं माझ्या हातावर हात मारला आणि कागद परत पिशवीत ठेवले.

त्या दिवसापासून मी मागं बघणं सोडलं. मान आखडून ठेवली. बशारत खूश झाला आणि त्यानं एक शहाणपणा केला. दोरी आपल्याकडं ठेवून दुसरी शिट्टी केरबाच्या गळ्यात घातली. "इशारा आप दीजिए. चाचा का कान आपका है."

केरबा उताराच्या कडेला उभा राहिला आणि सिंगल द्यायला लागला. मी चार हात गेलो की सिंगल. दहा हात गेलो की सिंगल. समोर काही नसलं तरी सिंगल. मी दर वेळी वळून आडवा होऊन थांबायचो. त्याच्या भीतीमुळं माझं थांबणं इतकं पक्कं झालं की मंगळवारी बशारतनं दोरी ताणायची सोडली, नुसती हातात धरून यायला लागला. हवालदारही म्हणाला, आप तो ब्रेक इंस्पेक्टर लगते हैं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. थांबायची शिट्टी केरबा मारायचा, निघायची कधीच मारायचा नाही. मी थांबलो की तो शिट्टी तोंडातून काढून आभाळाकडं बघत राहायचा आणि शेवटी डबल बशारतलाच द्यावी लागायची. मला वाटलं, पैज हरू नये म्हणून चाललंय. एवढा साधा डाव मला कळत नाही असं त्याला वाटत होतं, याचीच मला गंमत वाटत होती.

गुरुवार उजाडला. स्वच्छ ऊन पडलं होतं. सकाळच्या फेरीत केरबानं तीन सिंगल दिल्या, मी तिन्ही वेळा जागच्या जागी थांबलो. बशारतनं वाकून माझ्या खुर्चीची कडी उघडली आणि दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

"मैं नीचे खड़ा रहूँगा," तो म्हणाला. "मास्टरजी ऊपर. रास्ता साफ होगा तो मास्टरजी सीटी देंगे. सीटी के बगैर कोई नहीं निकलेगा." आणि तो आपल्या स्कीवरून सरसर खाली निघून गेला.

वर आम्ही दोघं राहिलो. माझ्या मागं हवालदार, त्याच्या मागं आणखी तिघं रांगेत. उतार रिकामा होता. पायथ्याशी बशारत दोन्ही हात वर करून उभा, त्याच्या मागं चहाची टपरी, टपरीवर वाफ. स्लेजवाले स्लेजा उचलून तयार होते.

मी कुबड्या टेकवल्या आणि वाट बघायला लागलो.

शिट्टी वाजेना. केरबा माझ्या डाव्या हाताला उभा होता. शिट्टी ओठांत होती, गाल फुगलेले होते, पण आवाज नव्हता.

"मास्तर, रस्ता मोकळा हाय," मी म्हणालो.

 खालून बशारतनं हात हलवले. मागून हवालदार म्हणाला, "भाई साहब, निकलो भी."

"घंटी नहीं मिला," मी म्हणालो.

"मैं बोल रहा हूँ ना, निकलो."

"तुम कंडक्टर नहीं है."

हवालदारानं रांगेला मागं वळून काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी कुबड्या बगलेत घेऊन हात चोळायला सुरुवात केली. मी निघू शकलो असतो. उतार होता, नुसतं अंग पुढं टाकायचं होतं. पण कंडक्टर शेजारी उभा असताना बेलशिवाय गाडी सोडायची, हे एकोणीस वर्षांत मी केलं नव्हतं आणि काश्मीरात येऊन करणार नव्हतो.

"केरबा," मी आवाज खाली आणून म्हणालो, "पैज हरलास तर हरलास. रडीचा डाव खेळू नको. चार माणसं खोळंबल्यात."

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. "पैज गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "माज्यानं वाजत न्हाई."

"न वाजायला काय झालं? सिंगल तर ढीगभर वाजवलीस."

"सिंगल वाजती. डबल वाजत न्हाई."

"का?"

तो खाली बघत बुटानं बर्फ उकरायला लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी झाडावनं तू इचारलंस, मास्तर जाऊ का वरच्या फांदीवर. आठवतंय?"

मला आठवत होतं.

"मी खालनं काठी घेऊन बुंध्यावर मारली. टक टक. डबल." त्याचा आवाज फाटला. "तू गेलास. म्हणून गेलास. तवापास्नं ड्यूटीवरबी माज्या हातानं डबल ओढवत न्हाई मला, नव्या डायवरला मी तोंडानं सांगतो चला म्हणून. दोरी धरली की बुंधाच दिसतोय."

मागं हवालदारानं आणि मंडळींनी हात चोळायचं थांबवलं. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण माकडटोपी घातलेला थोराड माणूस फिरनच्या बाहीनं डोळे पुसतोय एवढं त्यांना दिसत होतं.

 तीन वर्षं पहाटे उठून, मला उचलून, खुर्ची ढकलत हा माणूस येत होता आणि मी समजत होतो, दोस्ती आहे. दोस्ती होतीच. पण तिच्यावर हा असला भार टाकून तो रोज घाट चढत होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्याकडंही एक गोष्ट होती, जी मी मालनलासुद्धा सांगितली नव्हती. ती तिथं, बर्फात, पट्ट्यांनी आवळलेला असताना मला सांगावी लागली.

"केरबा, फांदी वाळलेली होती. मला दिसलं होतं."

तो वर बघायला लागला.

"साल सुटलेली, टोकाला एक पान नाही. हातानं दाबून बघितली तर कुरकुर वाजली. तरी गेलो. खाली तीन मेहुणे उभे होते आणि त्यांतला धाकटा म्हणाला होता, दाजी आता वजनदार झाले, त्यांना झेपायचं नाही. म्हणून गेलो."

"पण डबल मी..."

"मास्तर, आपल्याकडं अपघात झाला की रिपोर्टात पहिलं नाव कुणाचं लिहितात?"

"डायवरचं."

"कंडक्टरनं डबल दिली होती म्हणून ड्रायव्हर सुटलेला बघितलास कधी?"

केरबानं नाक ओढलं. "न्हाई."

"का नाही?"

"बेल दिली तरी रस्ता डायवरनं बघायचा असतोय."

"मग माझ्या अपघातात तुझं नाव तू कसं घुसडलंस? तीन वर्षं माझ्या रिपोर्टात शिरून बसलायस. निघ तिथनं." माझाही आवाज आता नीट राहिला नव्हता, म्हणून मी तो चढवला. "समोर बघ. फांदी नाही, झाड नाही, मेहुणे नाहीत. रस्ता मी बघितलाय, मोकळा आहे. बेल दे."

केरबानं माकडटोपी सारखी केली. पिशवी खांद्यावर वर ओढली. सकाळी स्टँडवरून गाडी निघताना करायचा तसा मागं वळून हवालदारासकट सगळ्या रांगेवरून एक नजर फिरवली. मग शिट्टी तोंडात धरली.

एक वाजली. मी जागचा हललो नाही. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग दुसरी वाजली.

मी गाडी सोडली.

त्या उतारावर मुलं शिकतात, हे मला माहीत आहे. सहा-सात वर्षांची पोरं तिथनं हात खिशात घालून जातात. पण मागं कुणी नव्हतं. दोरी नव्हती, मूठ नव्हती. कानात वारा होता आणि पट्ट्यांखाली बर्फ खरखरत होता. मी डावीकडं बघितलं, गाडी डावीकडं गेली. उजवीकडं बघितलं, उजवीकडं आली. मी ठरवलं म्हणून आली. मी मोठ्यानं हसत होतो की रडत होतो ते हेल्मेटमध्ये मला नीट कळलं नाही. पाचव्या वळणाला एक कुबडी अडकली, अंग कलंडलं, जाळी समोर आली, आणि मी जाळीकडं न बघता चहाच्या टपरीकडं बघितलं. गाडी टपरीकडं वळली.

टपरीच्या दहा हात अलीकडं मी खांदे वळवले आणि स्टँडला लावतात तशी गाडी आडवी लावली. सिंगल कुणी दिली नव्हती. बशारत मला धरायला हात पसरून पुढं आला होता, त्यानं ते हात तसेच ठेवले आणि मग माझ्याभोवती टाकले.

"मास्टरजी," तो माझ्या खांद्यावरून वर बघत एकदम म्हणाला.

केरबाला वर राहवलं नव्हतं. तो चालत निघाला होता, तिसऱ्या पावलाला बसला होता आणि आता फिरनचा घेर पंखासारखा पसरून, पिशवी पोटाशी धरून, बैठकीवर घसरत सरळ आमच्याच रोखानं येत होता. स्लेजवाल्यांनी सवयीनं स्लेजा उचलल्या. मी तोंडानं एक शिट्टी मारली. पण कंडक्टरचं काम बेल द्यायचं असतं, ऐकायचं नसतं. त्यानं मला, बशारतला आणि टपरीच्या पुढच्या बाकड्याला एकदमच धडक दिली.

बर्फातून तोंड वर काढल्यावर केरबा पहिलं काय म्हणाला असेल तर, "बोटं बघू तुजी, गारठली असतील."

"आधी अर्ज," मी म्हणालो.

त्यानं पिशवी उघडली. आत बर्फ शिरला होता. अर्जाची शाई उतरून कागद निळा झाला होता. त्यानं तो फाडायला घेतला तर ओला कागद धड फाटेना, नुसता लांबला. शेवटी त्यानं त्याचा गोळा केला आणि चहावाल्याच्या सामोवारमध्ये, त्या चहाच्या बंबातल्या निखाऱ्यांत टाकला. गोळा चुरचुरला आणि धूर करायला लागला. चहावाल्यानं आधी फिरनच्या नव्या फाटलेल्या कडेकडं बघितलं, मग धुराकडं.

"ये क्या जलाया?" बशारतनं विचारलं.

"घरगुती अडचण," मी म्हणालो.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. केरबा पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला हजर झाला. जायच्या आदल्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा आला, तेव्हा मी आधीच फळी टाकून खुर्चीत बसलेला होतो. तो दारातच थांबला आणि मग आत येऊन नुसता चहा प्यायला. मी पुढं बाजूला चाकं लावलेली स्कूटर घेतली. दोन महिन्यांतून एकदा तिच्यावरून गडहिंग्लजला जातो, स्टँडच्या कडेला उभी करतो आणि त्याचं पुकारणं ऐकतो. आवाज अजून खणखणीत आहे, फक्त गारगोटीची गाडी तो जरा जास्तच लांबवून पुकारतो.

निघताना तो केबिनमधून बाहेर येतो. मी स्टार्टरचं बटण दाबून, हेल्मेट घालून, समोर बघत तयार असतो. रस्ता मी बघितलेला असतो. तो मागच्या सीटवर तळव्यानं एक थाप मारतो आणि दुसरी मारायला मुद्दाम उशीर करतो. मी तोवर निघत नाही.